मुक्काम शेगाव, मार्गे वर्धा

लोटा, घोंगडी, पंचा आणि टकळी. एवढंच घ्या. घड्याळ घरी ठेवा, तिकडे घंटा आहे. टॉर्च, फिल्टरची बाटली, पाकिटातली बिस्किटं यांतलं काहीही वर्ध्याच्या फलाटावर तुमच्याबरोबर उतरायचं नाही. चार-दोन रुपये असू द्या. पहिल्या मुक्कामी पैसा चालतो. दुसऱ्या मुक्कामी चालत नाही, पण ते पुढे.

जानेवारी 1940. युरोपात लढाई जुंपून चार महिने झालेत. इकडे वर्ध्यात कापसाचा हंगाम जुंपलाय. स्टेशनाबाहेर बंड्यांची रांग लागली आहे, बंडीवर कापसाचा डोंगर, त्यावर झोपलेला पोरगा. जिनांचे भोंगे वाजताहेत. हवेत पिंज इतकी, की दोन शिंका दिल्याशिवाय तुम्हाला चालता येत नाही. एक बंडीवाला तुमच्याकडे खालून वर बघतो.

"कुठी जाता जी?"

"शेगावले."

"आश्रमात? मंग पायीच जा ना बाप्पा. आश्रमवाले पायीच जातेत."

पाच मैल आहेत, जा पायी. वाट काळ्या मातीची. आत्ता थंडीत चाकोऱ्या वाळून कडक झाल्यात म्हणून पाय पडतो. श्रावणात याच वाटेवर बंडीचं चाक आखापर्यंत गाऱ्यात बसतं आणि बैल सोडून माणसं खांदा लावतात. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आणि तूर. वेचणी चालू आहे. बायांच्या कमरेला ओटी बांधलेली आणि बोटं अशी चालतात, की बोंड रिकामं झाल्यावर तुम्हाला कळतं. एक बोंड मागून घ्या आणि पंच्यात बांधून ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

हे शेगाव म्हणजे गजानन महाराजांचं नव्हे. ते बुलढाण्याकडे. या नावाच्या घोळानं टपालखातं हैराण आहे, इकडची पत्रं तिकडे जातात. अजून दोन महिन्यांनी, मार्च 1940 मध्ये, या गावाचं नाव सेवाग्राम होईल. तुम्ही जरा आधी आलात, तेव्हा वाटेत कुणाला सेवाग्राम विचारू नका.

गांधीजी इथे राहायला आले ते 30 एप्रिल 1936 ला. जमीन जमनालाल बजाजांची. गावात बहुसंख्य वस्ती दलितांची, पक्का रस्ता नाही, आणि हिवताप घरोघरी. त्याच वर्षी बापूंनाच हिवतापानं धरलं आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. मीराबेन टायफॉइडनं आजारी पडल्या. पुस्तकांतून स्वावलंबनाची हिरवीगार चित्रं पाहून आला असाल तर हे आधी माहीत असलेलं बरं. मच्छरदाणी इथे चैनीत मोडत नाही.

तुम्हाला बापू दिसतील. त्यांच्या कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली शिंदीची झाडं दिसतील. पण तुम्ही दर्शनाला आलेले नाहीत, म्हणून फार वेळ तिथे रेंगाळू नका. बघायचंच तर भिंत बघा. बांबूचा कूड, त्यावर काळी-पांढरी माती कालवून थापलेली, वर शेणाचा पोतेरा, आणि छपराला कवेलू. यातलं प्रत्येक सामान आसपासच्या शिवारातून आलंय, आणि भिंतीला भेग गेली तर बुजवणारा माणूसही हाकेच्या अंतरावर आहे. कोपऱ्यात एक लांब लाकडी चिमटा दिसेल. तो साप धरायचा. साप मारायचा नाही, चिमट्यात धरून पिंजऱ्यात घालायचा आणि दूर रानात सोडायचा. हे काम नवख्याला देत नाहीत. नवख्याला काय देतात ते उद्या पहाटे कळेल.

चारला घंटा. अंधार, थंडी, निंबाची काडी, विहिरीचं पाणी. विहिरीचं पाणी या दिवसांत बाहेरच्या हवेपेक्षा कोमट लागतं, तेवढाच दिलासा. प्रार्थना होते. मग तुमच्या हातात फावडं, झाडू आणि बादली येते.

संडास.

आश्रमात भंगी नाही. तुम्ही आहात. चर खणायचा आहे, आणि इथे तुमची पहिली चूक ठरलेली, कारण तुम्ही कमरेइतका खोल खणायला लागता. घाण जितकी खोल तितकी बरी, असं शहरातल्या माणसाला वाटतं. शेजारचा कार्यकर्ता फावडं धरतो. फूटभर, पुरे. त्याच्या खाली गेलात तर ती घाण वर्षानुवर्षं घाणच राहते. जमिनीच्या वरच्या थरात हवा असते, ऊन पोचतं, आणि मळ खाऊन माती करणारे सूक्ष्म जीव तिथेच राबतात. विलायतेतल्या डॉ. पूअर नावाच्या वैद्यांनी हे मांडलं होतं, नऊ ते बारा इंचांपेक्षा खोल पुरू नका म्हणून. गांधीजींनी ते उचललं आणि पुन्हा पुन्हा लिहिलं. प्रत्येक वापरानंतर कोरडी माती टाकायची, तीही ढेकळं फोडून, भुरभुरीत करून. ओली माती टाकली की माशा आल्याच. चर भरला की पुढचा खणायचा. काही महिन्यांनी मागचा चर उकरला तर हाताला काळसर, वास नसलेली माती लागते. तिला सोनखत म्हणतात, आणि ती भाजीच्या वाफ्यात जाते. शेणाचा आणि पाल्यापाचोळ्याचा ढीग वेगळा असतो. तो थर लावून रचायचा, त्यावर पाणी शिंपडायचं आणि ठरल्या दिवसांनी उलथायचा. ती इंदूरची पद्धत, तिथे आल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलेली.

पहिल्या सकाळी तुम्हाला उमासा येईल. तिसऱ्या सकाळी तुम्ही मातीच्या भुरभुरीतपणावरून दुसऱ्याशी वाद घालाल. माझ्या मते वर्ध्यातल्या सगळ्या कसबांमध्ये हे कसब अव्वल आहे, आणि त्याचं कारण खत नाही. पिढ्यानुपिढ्या एका जातीच्या डोक्यावर जबरदस्तीनं लादलेलं काम इथे वकिलाला, प्रोफेसरला, ब्राह्मणाच्या पोराला वाट्यानं करावं लागतं. चरखा चालवायला पुष्कळ जण हौसेनं बसत. ही बादली उचलायला हौस पुरत नसे.

हात धुवा, राखेनं. आता दळण.

जात्यावर गावातली एक बाई बसली आहे, पाय पसरून. तुम्ही समोर बसून खुंटा धरता. दोघांनी ओढायचं, तिनं आपल्याकडे, तुम्ही आपल्याकडे, मध्ये झटका न देता. तुम्ही जोर लावता. जातं उलट जड होतं.

"दादा, जोर नोका लावू. त्याले फिरू द्या."

मग तुम्ही मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात ओतता. पाळू वर उचलल्यासारखी होते आणि खालून भरड पडते.

"अन् घास लहान टाका. जातं एवढं गिळत नाही जी."

चिमटी-चिमटीनं दाणे सोडायचे, प्रत्येक फेऱ्याला थोडे. पीठ बोटात घेऊन चोळायचं. रवाळ लागलं तर घास मोठा पडतोय. गरम लागलं तर वेग जास्त आहे. बारीक आणि थंड पडतंय तोवर बरोबर चाललंय. आणि एक गोष्ट ती तुम्हाला सांगणार नाही, कारण तिला ती सांगण्यासारखी वाटत नाही. जात्याच्या दगडाचे टाके झिजतात. ते गुळगुळीत झाले की कितीही ओढा, दाणा चिरडतो पण दळला जात नाही. मग टाकी लावणारा येतो, छिन्नीनं दोन्ही पाळूंवर पुन्हा टाके पाडतो. पहिलं दळण खडीचं म्हणून गुरांना. जातं विकत घेणं सोपं आहे. टाकी लावणारा कुठल्या गावाला राहतो आणि कधी फिरकतो, हे माहीत असणं म्हणजे संसार.

स्वयंपाकाबद्दल फार अपेक्षा नको. हातकुटीचा तांदूळ, हातदळीची भाकर, उकडलेली भाजी, ताक, गूळ. तिखट-मीठ बेताचं, मसाला नाहीच. निंबाच्या पाल्याची चटणी तुमच्या पानात पडेल आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघतील. गावात गेलात तर जवसाची चटणी आणि चून-भाकर मिळेल. त्याची आठवण आश्रमाच्या पंगतीत वारंवार येईल.

दुपारी वर्ध्यात चला, मगनवाडीला. ही बजाजांची बाग. अखिल भारत ग्रामोद्योग संघ डिसेंबर 1934 मध्ये स्थापन झाला आणि त्याचं ठाणं इथे पडलं. नाव मगनलाल गांधींचं. संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. तंजावरचे ख्रिस्ती, लंडनला हिशेबतपासनीस झालेले, कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहार शिकलेले. मुंबईतला धंदा सोडून हा माणूस इथे घाणीच्या तेलाचे आणि गुळाचे हिशेब मांडतो. गेल्याच्या गेल्या वर्षी, 30 डिसेंबर 1938 ला, गांधीजींनी मगन संग्रहालय उघडलं. पण काचेआडच्या वस्तू बघायला बसू नका. मागे घाणी चालू आहे.

झवेरभाई पटेलांनी इथे बैलघाणीवर बरंच डोकं चालवलं. जुनी घाणी बैलाला दमवायची आणि पेंडीत तेल ठेवायची. तिचा उखळाचा आकार, लाटेचा कल, जुवाचा भार असं एकेक बदलत वर्ध्याची सुधारलेली घाणी तयार झाली. तुमचं काम साधं आहे, उखळातली तीळ-जवसाची घाण सळईनं मध्ये ढकलत राहायचं आणि वेळेवर पाण्याचा हबका मारायचा. पाणी लवकर मारलंत तर तेल सुटत नाही, उशिरा मारलंत तर पेंड कडक होऊन लाट अडकते. केव्हा, ते घाणीवाला आवाजावरून ठरवतो. लाकडाचा कर्र आवाज जरा खाली उतरला, की तो हात पाण्यात घालतो. हे तुम्हाला महिनाभरात येणार नाही. पलीकडे रॉकेलऐवजी करंज-महुआसारख्या तेलावर चालेल असा दिवा घडवायची खटपट चालू आहे. त्याचं नाव मगनदीप. रॉकेल परदेशातून येतं आणि करंज नाल्याकाठी उगवतो, इतका सरळ विचार. पण करंजाचं तेल घट्ट, ते वातीत चढत नाही, म्हणून वात तेलाच्या जवळ ठेवावी लागते. सगळी अक्कल त्या इंचा-दोन इंचांत आहे.

शिंदीचा गूळ मात्र पहाटे बघायला हवा. या भागात शिंदी रानोमाळ. झाडाच्या शेंड्याखाली छेद देऊन खाली मडकं बांधतात, आणि मडक्याला आतून चुना फासलेला असतो. चुना नसेल तर सकाळपर्यंत रस आंबतो आणि तुमच्या हाती गुळाऐवजी ताडी येते. सूर्य वर यायच्या आत मडकी उतरवायची, लगेच कढईत ओतून आटवायला घ्यायची. उसाला जमीन लागते, पाणी लागतं. शिंदी बांधावर, नाल्यात, फुकट उभी आहे. ग्रामोद्योग संघानं या गुळावर भर दिला त्यामागे हाच हिशेब होता.

आता ते बोंड काढा.

शेगावला परतून शाळेत जाऊ. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला, आणि आर्यनायकम् दांपत्यानं इथे नई तालीमची शाळा चालवायला घेतली. पोरं कापसावरून गणित शिकतात. तुमच्या शेजारी बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीचं सूत तुमच्यापेक्षा बारीक निघणार, याची मनाची तयारी ठेवा.

आधी सरकी काढायची. पाटावर बोंडाची कपाशी पसरायची, लोखंडी सळई तळहातांनी त्यावरून लाटायची. सरकी पुढे पळते, रुई मागे राहते. तीन भाग कपाशीत एक भाग रुई, बाकी सरकी. ती गाईला. गाईचं शेण भिंतीला आणि शेताला. मग पिंजण. धनुकलीच्या तातेवर गोटा मारायचा, तात रुईत थरथरली पाहिजे, बुडता कामा नये. गाठी फुटून रुई फुगली, की काडीभोवती हलक्या हातानं गुंडाळून पेळू करायचा. पिंजण वाईट झालं तर पुढे कितीही कसबी कातणारा असो, सूत तुटणारच. लोक चरख्याचे फोटो काढतात. सुताचा निकाल मात्र पिंजणाऱ्याच्या हातात लागलेला असतो.

टकळी. पितळी चकती, खाली लोखंडी दांडी, टोकाला आकडा. बोटांना राख लावा, घाम नको. उजव्या चिमटीनं दांडी फिरवायची, डाव्या हातातला पेळू हळूच वर न्यायचा. पहिला धागा वीतभर येतो आणि तुटतो. दुसरा जाड येतो, सुतळीसारखा. तिसऱ्या वेळी तुम्ही पेळू घट्ट आवळता.

"काका, पेळू दाबून धरू नका ना. तो आपोआप सुटते."

ती बरोबर आहे. बोटांनी नुसती वाट द्यायची असते. पीळ वर चढत येतो, तो पेळूत शिरायच्या आत हात मागे न्यायचा. उशीर झाला तर गाठ, घाई झाली तर तुटला. अर्ध्या तासानं मान भरून येते आणि तेव्हाच पहिला लांब, सारखा तार निघतो. तुम्ही इकडेतिकडे बघता, पण कुणाचं लक्ष नसतं.

कोपऱ्यात सावली चरखा आहे, चांदा जिल्ह्यातल्या सावलीच्या खादी केंद्रावरून त्याचं नाव पडलं. प्रवासाला पेटीचा येरवडा चरखा. आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनिअरनं काढलेली धनुष टकळी. हा गृहस्थ भारतानंद नावानं इथे वावरतो आणि चाती-धनुकली घेऊन बसतो. गावच्या सुताराला करता येईल तेच यंत्र चांगलं, अशी इथली कसोटी. विजेवर चालणारं कितीही हुशार यंत्र आणा, सुताराला ते दुरुस्त करता येत नसेल तर ते गावाबाहेर.

आता थोडा हिशेब, कारण त्याशिवाय हे सगळं नुसतं गोड वाटतं. एक तार चार फुटांचा. 160 तारांची लटी, चार लट्यांची म्हणजे 640 तारांची गुंडी. साध्या खादीत इंचाला चाळीस उभे आणि चाळीस आडवे तार धरा. एक चौरस वार कापडाला साडेतीन गुंड्यांच्या आतबाहेर सूत लागतं. साडेचार वार लांब, सव्वा वार पन्ह्याचं धोतर म्हणजे एकोणीस-वीस गुंड्या. तुमचा हात बसून तासाला दोनशे तार निघायला लागले असं समजू. एका गुंडीला तीन तासांहून अधिक. एका धोतराला साठ तासांच्या वर, तेही पिंजण, पेळू, ताणा आणि विणकाम सोडून. वीस अंकी सूत असेल तर पौंडात वीस गुंड्या भरतात, म्हणजे धोतर पौंडभर सुताचं आणि तीनेक पौंड कपाशीचं. रोज एक तास दिलात तर दोन महिन्यांनी एक धोतर. घरात पाच माणसं असतील तर कुणीच मोकळं बसून चालत नाही.

या हिशेबाकडे दोन तऱ्हांनी बघता येतं. हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या आहेत. ज्या जिल्ह्याचा कापूस लँकेशायरपर्यंत जातो, त्या जिल्ह्यातल्या माणसानं रोज तास घालून सूत काढणं वेडेपणाचं आहे. किंवा असं: ज्या जिल्ह्याचा कापूस लँकेशायरपर्यंत जातो, त्याच जिल्ह्यात कापूस वेचणारीच्या अंगावर धड लुगडं नाही, आणि उन्हाळ्यात तिच्या हाताला काम नाही. चैत्र-वैशाखात, शेताला भेगा पडलेल्या असताना, ते साठ तास तिच्याकडे पडून असतात. कुमारप्पा आणि खादीचं काम बघणारे जाजूजी भांडत होते ते या पडून असलेल्या तासांसाठी. मला दुसरी बाजू पटते, पण पहिलीला उत्तर देऊन संपलं असंही वाटत नाही.

शिवाय जात्यावरच्या त्या बाईला विचारा. तिच्यासाठी दळण हा प्रयोग नाही. पहाटे उठून दळणं, डोईवर पाणी आणणं, गोवऱ्या थापणं तिच्या आईनं केलं, आजीनं केलं, त्याला कुणी स्वावलंबन म्हटलं नाही. गावात पिठाची गिरणी आली तर ती आनंदानं जाईल. आश्रमातला माणूस जातं निवडून ओढतो. तिला निवड नव्हती. हा फरक मी तरी डोळ्याआड करणार नाही.

आणि काही गोष्टी इथे होतच नाहीत. मीठ घ्या. वर्ध्यात समुद्र नाही, मीठ रेल्वेनंच येतं. लोखंड येतं. हिवतापावरचं क्विनाइन येतं. बापूंच्या कचेरीत टेलिफोनही बसला, त्याची खोकी आजही दाखवतात. आणि या सगळ्याच्या मागे बजाजांची थैली उघडी होती. गावानं आपल्या गरजा गावात भागवाव्यात, पण जे पिकत नाही ते शेजाऱ्याकडून घ्यावं, यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. पैशाला मात्र इथे मुभा आहे.

त्या मुभेची बोच ज्याला लागली, त्याच्याकडे आता जाऊ. दहा वर्षं पुढे. 1950 चं साल, धाम नदीचा काठ, पवनार.

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यानं पाच-सहा मैल. नदीच्या पात्रात काळे खडक, वर टेकाडावर बजाजांचा जुना बंगला. विनोबा 1938 पासून इथे राहतात. जमीन उकरताना इथे जुन्या मूर्ती निघतात. राम-भरत भेटीचं शिल्प असंच शेत खणताना सापडलं. वा. वि. मिराशींच्या मते वाकाटकांचं प्रवरपूर ते हेच. म्हणजे तुम्ही कुदळ मारताय ती एका राजधानीवर. पण इथे सगळ्यांचं लक्ष भाजीवर आहे.

खिशातले चार रुपये बाहेर ठेवा. विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडलाय. पैशाचं दान घ्यायचं नाही, पैशानं विकत घ्यायचं नाही, स्वतःच्या हातानं पिकवलेलं खायचं, कातलेलं नेसायचं. कुणाला काही द्यायचंच असेल तर श्रम द्यावे, सूत द्यावं. आणि शेती बैलाशिवाय, नुसत्या हातांनी. तिला ते ऋषिशेती म्हणतात. विनोबांचं वय पंचावन्न, पोट बिघडलेलं, अंग काडीसारखं. तरी कुदळीवर ते आहेतच. त्यांच्यासोबत थोडे तरुण कार्यकर्ते.

इथे 1940 च्या सगळ्या कसबांची उजळणी होते, पण एक फरक पडतो. शेगावात चूक केली तर वर्ध्याच्या बाजारातून भरून काढता येत होती. इथे वाफा वाळला तर पुढच्या आठवड्यात पानात भाजी नाही. मिरचीचं बी पुढच्या वर्षासाठी राखलं नाही तर पुढच्या वर्षी मिरची नाही. म्हणून कसब बदलतं. बी राखणं सगळ्यांत वर येतं: झाडावर पिकून लाल झालेलं, पहिल्या बहराचं, चांगल्या झाडाचं फळ खायचं नाही, राखायचं. ते सावलीत वाळवायचं, राखेत घोळायचं, मडक्याचं तोंड शेणमातीनं बंद करायचं. भूक लागलेली असताना झाडावरचं सगळ्यांत चांगलं वांगं तसंच सोडून देणं तुम्हाला चराच्या बादलीपेक्षा जड जाईल.

आणि पाणी. विहिरीवर रहाट आहे, बैल नाही. रहाटाच्या आडव्या दांड्यांना माणसं लागतात आणि गोल फिरतात. गीताई म्हणत फिरतात. गीताईचे सातशे श्लोक, त्यामुळे किती फेरे झाले ते वेगळं मोजावं लागत नाही. तुम्ही दांडी धरता आणि पहिल्याच फेऱ्यात पुढच्याच्या टाचेला पाय लागतो. पाऊल सगळ्यांबरोबर पडलं पाहिजे, नाहीतर तुमच्या वाट्याचा भार शेजारच्याकडे जातो. छातीनं ढकलू नका, दांडी पोटाच्या वरच्या अंगाला घ्या आणि अंग पुढे कलतं ठेवून वजन सोडा. पाट भरून वाहायला लागला की एकानं सुटून वाफ्यावर जायचं, बांध फोडायचा, पहिला वाफा भरला की बुजवायचा, दुसरा फोडायचा. वाफ्यावरचा माणूस डुलकी घेत असेल तर रहाटावरच्यांचा घाम मातीत जातो. म्हणून वाफ्यावर सहसा आळशाला पाठवत नाहीत.

धूर कमी करणारी मगन चूल तोवर मगनवाडीत घडली आहे, धुराडं लावलेली, मातीची. ती बांधून घ्या, डोळ्यांना बरं. तिचं मर्म आतल्या बोगद्याच्या मापात आहे. माप थोडं चुकलं तर धूर धुराड्याऐवजी तुमच्याच तोंडावर येतो.

एप्रिल 1951 मध्ये सर्वोदय संमेलन हैदराबादजवळ शिवरामपल्लीला आहे. सगळ्यांना वाटतं विनोबा येणार नाहीत. ते जायचं ठरवतात, आणि पायी. कांचनमुक्ती चालू असताना रेल्वेचं तिकीट कुठून येणार? तीनशे मैलांहून जास्त अंतर आहे, मधे तेलंगणातली पेटलेली गावं. त्या चालण्यातून 18 एप्रिलला पोचमपल्लीत एका जमीनदाराकडून शंभर एकर जमीन दान मिळेल आणि भूदान नावाचं काहीतरी सुरू होईल, हे इथे अंगणात उभ्या असलेल्या कुणालाही ठाऊक नाही. त्यांची चर्चा चपलांची चालली आहे. नालवाडीच्या चर्मालयात मेलेल्या जनावराच्या कातड्याच्या चपला होतात, वाळुंजकरांनी उभं केलेलं काम. नव्या चपला घालून लांब निघू नये, आठवडाभर आधी तेल पाजून पायाला बसवाव्यात, असं एक जण सांगतोय.

तुम्हाला दोन्ही मोकळं आहे. जायचं असेल तर वळकटी आटोपशीर बांधा. पहाटे अंधारात निघावं लागेल आणि त्यांच्या चालीला तरुण माणूसही मागे पडतो. राहायचं असेल तर रहाटावर तुमची पाळी आहेच. जाणारे गेले की दांडीवर माणसं कमी होतात, आणि रहाट किती जड आहे ते तुम्हाला त्याच सकाळी कळेल.